टीव्हीवरची टीचर आणि वर्गातल्या बाई

आमच्या घरच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. मामेभाऊ म्हणतो आता एआय पोरांना इंग्लिश शिकवेल, प्रत्येकाला टॅब द्या, झेडपीच्या मास्तरांच्या इंग्लिशवर कशाला अवलंबून राहायचं. काका म्हणतात आधी ते स्क्रीन वर्गातून बाहेर काढा. आणि या सगळ्यात माझी ताई, जी गेली अठरा वर्षं माण तालुक्यात झेडपी शाळेत शिकवतेय, ती गप्प. तिला कुणी विचारलंच नाही.

मी आयटीच्या नोकरीमुळे माँटेव्हिडिओत राहतो, उरुग्वेत. मुलगी इथल्या सरकारी शाळेत पाचवीत आहे, पांढरा झगा, गळ्यात निळा बो. या देशाने 2007 मध्ये सरकारी शाळेतल्या पोरांना लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, योजनेचं नाव प्लान सेइबाल. मग इंग्लिशचा प्रश्न आला, कारण प्राथमिक शाळांना पुरतील एवढे इंग्लिश शिक्षकच देशात नव्हते. म्हणून 2012 पासून ब्रिटिश कौन्सिलसोबत एक वेगळीच पद्धत सुरू केली, चौथी ते सहावीसाठी. आठवड्यातला एक तास मोठ्या स्क्रीनवर लांबची टीचर घेते, ती दुसऱ्या शहरात असेल नाहीतर दुसऱ्या देशातसुद्धा, आणि बाकीचे दोन तास वर्गातल्याच बाई घेतात, ज्यांना स्वतःला इंग्लिश येतंच असं नाही!

हे ऐकून मलाही आधी पटलं नव्हतं. मग एकदा पालकांना वर्गात बसू दिलं तेव्हा बघितलं. स्क्रीनवरची टीचर ब्युनोस आयरिसहून बोलत होती, मागच्या बाकावरच्या एका पोराने 'स्टुडंट'ला 'एस्टुडंट' म्हटलं (आपल्याकडे आजी 'इस्टूल' म्हणायची ना, अगदी तसंच) आणि पोरं हसली. वर्गातल्या बाई लगेच त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या मलाही हे नीट जमत नाही, चल दोघं मिळून म्हणू, आणि खरंच दोघांनी तीन वेळा म्हटलं. त्या पोराने नंतर अख्ख्या तासात चार वेळा हात वर केला, मी मोजले.

हे काम कुठलाही प्लॅटफॉर्म करणार नाही. इथे दरवर्षी एक अ‍ॅडाप्टिव्ह टेस्ट होते, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, त्यामुळे कोण कुठल्या पायरीवर आहे ते समजतं, आणि चाळीस पोरांच्या वर्गात ते एकट्या बाईंना समजणं कठीण, म्हणून ते मशीन मला हवंच आहे, काकांचं मला पटत नाही. पण पोराला लाज वाटतेय हे त्या टेस्टला दिसत नाही.

आपल्याकडे 2000 च्या जूनपासून पहिलीला इंग्लिश आलं, त्याला आता पाव शतक झालं. एवढ्या वर्षांत ताईला इंग्लिश बोलायचा सराव कुणी दिला? ट्रेनिंग म्हणजे एक दिवस, अ‍ॅप डाउनलोड करा आणि स्क्रीनशॉट पाठवा. तिच्या शाळेत टॅब आलेत, पण पासवर्ड बदली होऊन गेलेल्या सरांकडे होता, नेट टेकडीवर येतं, त्यामुळे टॅब कपाटात. पोरं इंग्लिश शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून पाठ करतात आणि ती बिचारी रात्री यूट्यूबवर तो उच्चार ऐकून सकाळी शिकवते.

उरुग्वे छोटा देश आहे हे मान्य, जेमतेम 35 लाख लोकसंख्या, एकट्या पुणे जिल्ह्यात त्याच्या अडीच पटीहून जास्त माणसं आहेत. फायबर अन् कॅमेऱ्याचा खर्च आपल्याला एकदम झेपणार नाही. पण एका गोष्टीला कॅमेरा लागत नाही. इथे वर्गातल्या बाई आणि लांबची टीचर दर आठवड्याला आपसात ठरवतात की पुढच्या तासाला काय घ्यायचं, कोण मागे पडलंय, आणि हे बोलणं स्पॅनिशमध्ये होतं, म्हणजे बाईंना लाज न वाटता बोलता येतं. ताईला असं मराठीत बोलायला इंग्लिशचं एक माणूस मिळालं, आठवड्यातून अर्धा तास फोनवर, तर ते कपाटातले टॅबसुद्धा कामाला येतील असं मला अगदी मनापासून वाटतं.

काल तिला फोन केला, आपल्यात साडेआठ तासांचा फरक, तिची रात्र होती. त्या एस्टुडंटवाल्या पोराचं सांगितलं तर म्हणाली, "अरे, माझ्या वर्गात तर मीच ते पोरगं आहे." मग म्हणाली त्या बाईंना विचार, पहिल्या वर्षी त्यांनी काय केलं. सोमवारी शाळा सुटताना विचारणार आहे.