खुलासा: लिनक्स ब्रिजवर आयपीव्ही६ चालते

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लिनक्स ब्रिज आयपीव्ही६ला सपोर्ट करत नाही, म्हणून कनेक्शन चार-पाच मिनिटांनी तुटते. आयपीव्ही६ बंदच करा.’ लक्षण खरे आहे, कारण चुकीचे.

ब्रिज म्हणजे लिनक्समधला सॉफ्टवेअर स्विच. तो मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा पत्ता) बघून इथरनेट फ्रेम, म्हणजे डेटाचे पाकीट, पुढे ढकलतो. आत आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) असो वा आयपीव्ही६ (नवी). फरक इतकाच, की शेजारचे मशीन शोधायला आयपीव्ही४ एआरपीचा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम विचारणा) वापरते, तर आयपीव्ही६ची नेबर डिस्कव्हरी (शेजारी शोधण्याची पद्धत) मल्टिकास्टवर, म्हणजे ठरावीक गटालाच संदेश पाठवून, चालते. ब्रिजला जोडलेल्या मॅनेज्ड स्विचवर एमएलडी स्नूपिंग (कोणत्या पोर्टला कोणता मल्टिकास्ट हवा याची नोंद ठेवणे) चालू आहे, पण क्वेरी (अजून कोणाला हवे आहे, ही विचारणा) पाठवणारे कोणीच नाही, असे झाले की नोंदी ताज्या होत नाहीत. ठरलेल्या डिफॉल्ट वेळांनुसार २६० सेकंदांत नोंद पुसली जाते आणि नेबर सॉलिसिटेशन (शेजाऱ्याचा पत्ता विचारणारा संदेश) त्या पोर्टवर जातच नाही. चार-पाच मिनिटांचा हिशोब इथे जुळतो.

खात्री करायची तर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) ब्रिजच्या पोर्टवर आणि पलीकडच्या मशीनवर, दोन्हीकडे लावा. सॉलिसिटेशन ब्रिजमधून निघताना दिसते, पलीकडे पोचत नाही? मग दोष मधल्या स्विचमध्ये शोधा. ब्रिजवरचा मल्टिकास्ट क्वेरिअर (क्वेरी पाठवणारा) चालू करून पाहा. लिनक्समध्ये तो मुळात बंद असतो.

पॅकेट ब्रिजमध्येच अडकत असेल, तर बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल (ब्रिजमधली पॅकेट फायरवॉलकडे नेणारे) आणि फायरवॉलचे नियम तपासा. आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६चे नियंत्रण संदेश, नेबर डिस्कव्हरी यांवरच चालते) सरसकट अडवले की नेबर डिस्कव्हरीच बंद पडते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.