एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नका असं का म्हणतो

दादा, ५० हजारांच्या गेमिंग पीसीची यादी दिलेल्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ५० हजारांत पहिला गेमिंग पीसी करणाऱ्या पोराला मी एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, साडेतीन हजार घालायला सांगतो, ते पैसे ग्राफिक्स कार्डात घातले तर गेम जास्त चांगले चालतील. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस तुमच्याकडे सहा वर्षं विनातक्रार चालतोय. आतच ग्राफिक्स असलेल्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरला मी एका ओळीत निकालात काढलं. आणि शेवटी, "मुलांना उगाच घाबरवू नका."

आधी तुमच्याच मशीनचं बघू. त्यात जीटीएक्स १६५० आहे असं तुम्ही लिहिलंय. ते कार्ड ७५ वॅटचं. त्याची बरीचशी मॉडेलं वेगळी वायर मागतच नाहीत, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच भागवतात. त्यामुळे तुमचा एसएमपीएस सहा वर्षं टिकला यात मला नवल वाटत नाही, त्याच्यावर तेवढा भारच नव्हता. पण माझ्या यादीत आरएक्स ६६०० आहे. ते १३२ वॅटचं कार्ड, त्याला आठ पिनांची स्वतंत्र वायर लागते. यादीतला प्रोसेसर रायझन ५ ५६०० पूर्ण जोर लावतो तेव्हा ७५ वॅटच्या आसपास घेतो. दोघांचे मिळून २०७ झाले, पंखे आणि बाकीचं सामान वेगळं.

आता कॅबिनेटसोबत येणारा डबा हातात घ्या. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा, खालचा बारीक तक्ता वाचा. माझ्यापुढे आत्ता असा एक पडलाय, त्यावर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजचा प्रोसेसर आणि कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर कितीही अँपिअर लिहिलेले असोत, ते त्यांच्या उपयोगाचे नाहीत. म्हणजे ४५० चा म्हणून घेतलेला डबा कामाच्या ठिकाणी दोनशेलाही पोचत नाही, तेही लेबल खरं धरलं तर.

मी घाबरवतो म्हणता, तर हे ऐका. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाचा मुलगा मशीन घेऊन आला. गेम सुरू केला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी आणि सगळं बंद. दुकानदाराने दोनदा विंडोज टाकून दिलं होतं. मी बाजूचं झाकण काढलं तर एसएमपीएसला कार्डाची वायरच नव्हती. हार्डडिस्कच्या जुन्या चार पिनांच्या वायरीला कन्व्हर्टर लावून कार्ड चालवलं होतं. तो पांढरा प्लग एका कोपऱ्यात तपकिरी होऊन पिनेला चिकटला होता. हाताने निघेना, पक्कड लावावी लागली, आणि निघाला तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. पोराने दोन वर्षं पैसे साठवून घेतलेलं मशीन होतं ते. नशिबाने कार्ड वाचलं, एसएमपीएस बदलल्यावर आजही चालतंय. दर वेळी वाचेलच असं नाही.

शिवाय मी यादी केली तेव्हा एसएमपीएसमधून वाचणाऱ्या अडीच हजारांत वरच्या पायरीचं कार्ड हाताला लागत नव्हतं. लागत असतं तरी माझं मत हेच राहिलं असतं. आणि एसएमपीएसवरचा ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, आतलं संरक्षण चांगलं आहे असं नाही. गावाकडच्या वाचकांनी आणखी एक बघावं: एसएमपीएसच्या लेबलवर इनपुटसमोर १००-२४० व्होल्ट लिहिलंय की २००-२४०. संध्याकाळी जिथे व्होल्टेज उतरतं तिथे पहिलाच घ्यावा.

५६००जीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, मी घाईने लिहिलं. माझा आक्षेप असा होता की त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२, आणि ५६००जी पीसीआयई ३.० वरच थांबतो, म्हणजे कार्डाशी बोलायचा त्याचा रस्ता जुन्या पिढीचा. पुढे कार्ड लावलं की साधा ५६०० पुढे निघतो. पण ज्याला कार्डासाठी आणखी वर्षभर थांबावं लागणार आहे, त्याने वर्षभर काय बघत बसायचं? त्याच्यासाठी ५६००जीच योग्य, मूळ लेखात तशी दुरुस्ती करतो. फक्त रॅमच्या दोन कांड्या घ्या. ५६००जीच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच ओढतं. ३२०० वेगाच्या एका डीडीआर४ कांडीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी येतात, दोन लावल्या की ५१.२. १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, गेममध्ये डोळ्यांना फरक दिसतो.

जुना ऑफिसचा डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड टाकायचा तुमचा पर्याय मी सुचवणार नाही. अशा डेस्कटॉपमधल्या चौथ्या जनरेशनच्या आय५ प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतो. जुनं कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, पण विकणाऱ्यासमोर अर्धा तास गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून आणि मूळ बिल घेऊनच.

एक गोष्ट माझ्या लेखात राहिली होती, तुमच्यामुळे आठवली. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग बघा. बऱ्याच घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. वायरमनला बोलावून ते करून घ्या, नवा पीसी जोडायच्या आधी.

आणि तुमच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघून इथेच कळवा. १६५० बदलायचा विचार असेल तर कुठलं कार्ड झेपेल ते त्या आकड्यावरून सांगतो.