कचराला स्वतःचं एक वाक्य हवं होतं

'लगान' सिनेमातल्या कचरा या अस्पृश्य गोलंदाजाबद्दल बरेच दिवसांपासून लिहायचं होतं. पोस्ट लांब आहे, पण क्रिकेट आणि सिनेमा दोन्ही जीव की प्राण असणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आधी श्रेय देऊ. २००१ साली, एवढा पैसा लावलेल्या व्यावसायिक हिंदी सिनेमात, अकरा जणांच्या संघात मुसलमान इस्माइल, शीख देवा, मुका बाघा आणि अस्पृश्य कचरा घेणं सोपं नव्हतं. थिएटरात कचराच्या हॅटट्रिकला शिट्ट्या पडल्या, त्या खऱ्या होत्या. 'सगळ्यांना घेतलं ना, मग आणखी काय हवं?' हे मात्र मला पटत नाही.

तो प्रसंग आठवा. चेंडू लांब उभ्या असलेल्या कचराकडे जातो. संघ जमवणारा नायक भुवन म्हणतो, फेक. तो बिचकतो, मग लुळ्या हाताने फेकतो आणि टप्पा पडल्यावर चेंडू भलतीकडेच वळतो. भुवन त्याला संघात घ्यायचं म्हणतो आणि गाव बिथरतं, याच्यासोबत आम्ही खेळणार नाही. मग भुवन बोलतो, शबरीच्या उष्ट्या बोरांची आठवण देतो, लोक वरमतात. इतका वेळ कचरा थरथरत उभा. वाद त्याच्यावरून, त्याच्या देखत चाललाय आणि आपली बाजू मांडायला त्याला एक वाक्य मिळत नाही. अन्याय त्याच्यावर झाला, टाळ्या भुवनला.

चारच वर्षांनी 'इक्बाल' हा सिनेमा आला. मूकबधिर, मुसलमान, खेड्यातला पोरगा. पण तो चिडतो, हट्ट करतो, बापाचा विरोध असताना चोरून सराव करतो, हातवारे करून भांडतो. बोलता न येणारा इक्बाल कचरापेक्षा कितीतरी जास्त बोलतो. त्याच्या धर्माचं कुणी प्रदर्शन मांडत नाही, त्याला फक्त जोरात बोलिंग टाकायची आहे. मला हे हवंय.

दुसरी गोष्ट त्या हाताची. कचराला फिरकी येते ती व्यंगामुळे, आपोआप. भारताचे फिरकी गोलंदाज भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झाला होता आणि त्याच हाताने त्यांनी ५८ कसोटींत २४२ बळी घेतले. १९७१ला ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला गुंडाळलं. पण हात कमजोर आहे म्हणून काही गुगली पडत नाही. त्यामागे डोकं असतं, घाम असतो. कचराकडून सिनेमाने तेच काढून घेतलं.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त लागतं ते. सिनेमातला काळ १८९३चा. त्याच सुमारास आपल्या पुण्यात चर्मकार समाजातले बाळू पालवणकर गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करत होते आणि नेटमध्ये इंग्रज फलंदाज ग्रेगसारख्या साहेबांना तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकत होते. बॅटिंग मिळायची नाही, फक्त टाकत राहायचं. त्यातून हिंदुस्थानातला त्या काळचा सर्वोत्तम स्पिनर घडला. तेव्हा संघ धर्मावर असायचे, हिंदू संघाने त्यांना घेतलं तेही गरजेपोटी. मैदानावर चेंडू सगळ्यांचा एकच, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. तो पिऊन पुन्हा यायचं आणि त्याच लोकांसाठी विकेट काढायच्या. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही.

त्यांचे भाऊ गप्प बसले नाहीत. १९२०मध्ये कर्णधारपदावरून जातीचं राजकारण झालं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. तीन वर्षांनी, १९२३ला, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. कुणा भुवनच्या भाषणाने नव्हे, आपल्या खेळाने आणि आपल्या नकाराने. हा आपल्या मातीतला इतिहास आहे आणि क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या किती मराठी घरांत तो सांगितला जातो? तेंडुलकर, गावसकर पाठ असतात (असायलाच हवेत), पण विठ्ठलांचं नाव काढलं की पोरं 'कोण?' विचारतात.

बाळूंवर हिंदी सिनेमा काढायच्या घोषणा झाल्या आहेत. तो जरूर यावा, मोठा यावा, गाण्यांसकट यावा. बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ग्रेगला तारणहार करू नका. माघारीचं ते निवेदन भावांच्याच तोंडून येऊ द्या, मध्ये कुणी दयाळू सवर्ण मित्र घालू नका. विठ्ठल यांनी स्वतः मराठीत लिहिलेलं 'माझे क्रीडा-जीवन' आहे, पटकथेला बसण्याआधी ते वाचा. आणि पटकथा लिहिणाऱ्यांत त्या समाजातली माणसं घ्या. संवाद तपासून द्यायला बोलावलेले सल्लागार म्हणून नको, पोस्टरवर नाव असलेले लेखक म्हणून घ्या.