थायरॉइडचा डॉक्टर वेगळा, पाळीची डॉक्टर वेगळी, आणि फाइल माझ्या पिशवीत

मे महिन्यात सोलापुरात बाईला घाम फुटला तर त्याला आजार कोण म्हणणार, सांगा की. पारा 43 वर, लाइट गेलेली, नळाला पाणी चार दिवसाआड, आणि मी आमच्या युनिफॉर्मच्या युनिटमध्ये ऑर्डरची वही घेऊन बसलेली. एकदम छातीतून मानेपर्यंत भट्टीचं दार उघडल्यासारखी धग, दोन मिनिटात ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि मग अंगावर काटा. मालक म्हणाले, मॅडम, कूलर तिकडं फिरवतो. सासूबाई म्हणाल्या, ताक पी. मलाही तेच वाटलं, ऊन लागलं असेल.

संशय आला तो पुढच्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत. होम मैदानावर रात्रीचे नऊ, सगळे स्वेटर-कानटोपी घालून भजी खायला उभे, आणि मी शाल काढून पदरानं वारा घेतीय. नणंद कपाळाला हात लावून म्हणाली, "वहिनी, तुला ताप बिप आलाय का?" ताप नव्हता. उन्हाळाही नव्हता. तेव्हा कळलं, हे काहीतरी आतलं आहे.

आता माझी मागची गोष्ट थोडक्यात. मला 34 व्या वर्षी, धाकटीच्या वेळच्या बाळंतपणानंतर थायरॉइड निघाला. थायरॉइड म्हणजे हाशिमोटोवाला, ज्यात आपलंच शरीर आपल्याच ग्रंथीला परकं समजून हळूहळू खातं. अँटी-टीपीओची, म्हणजे ग्रंथीवर उलटलेल्या अँटीबॉडीची, टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की गोळी आयुष्यभर. हाशिमोटो हा जपानी सर्जन, त्यानं 1912 साली या आजारावर पहिल्यांदा लिहिलं, आणि त्यानं ज्या चार पेशंटवरनं लिहिलं त्या चौघीही मध्यम वयाच्या बायकाच होत्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपासून हा आजार आणि हे वय एकाच घरात नांदतायत. पण आपल्याकडं ते दोघं एका डॉक्टरच्या टेबलावर कधी एकत्र येत नाहीत, माझं भांडण एवढंच आहे.

49 व्या वर्षी मी थायरॉइडच्या डॉक्टरांकडं गेले. झोप नाही, केस गळतात, वजन वाढलं, चिडचिड, हिशेब विसरतीय, आणि हा घाम. त्यांनी रिपोर्ट बघितला, टीएसएच 2.4 (हा आकडा वाढला की थायरॉइड कमी पडतोय, फार उतरला की जास्त होतोय), म्हणाले थायरॉइड एकदम कंट्रोलमध्ये आहे, हे वयामुळं. बाईंच्या डॉक्टरकडं गेले, तर तिथं फाइलवरचा हाशिमोटो शब्द बघितल्या बघितल्या उत्तर, "अहो, हे सगळं थायरॉइडचंच." झालं, मी चेंडू.

खरं तर थोडा विचार केला तर यातलं निम्मं सुटतं. केस, वजन, थकवा, मूड, जास्त ब्लीडिंग हे दोन्हीकडनं होऊ शकतं, त्यावरनं काही ठरत नाही. पण थायरॉइड कमी असला की माणसाला थंडी वाजते, घाम फुटत नाही. घाम आणि धडधड थायरॉइडनं यायची तर गोळी जास्त होत असायला पाहिजे, आणि टीएसएच 2.4 म्हणजे तसंही नव्हतं. मग राहिली कोण? पाळी. तिची तर पाच महिन्यांची दांडी होती.

(त्या जास्त ब्लीडिंगवरनं एक सांगते. मागं मला एका ठिकाणी सहज सांगितलं होतं, पिशवी काढून टाका, कटकट नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी 2019 मध्ये आली तेव्हा आपण सगळे हळहळलो, पण आमच्या युनिटमध्येच पिशवी काढलेल्या तिघी आहेत, तिघी पंचेचाळिशीच्या आतल्या, आणि त्यातल्या एकीचीही आधी थायरॉइडची टेस्ट झालेली नव्हती.)

पाळी जाताना कमी होणारं हार्मोन भरून काढायची ट्रीटमेंट मागितली तर पहिल्या डॉक्टरनी हातच झटकले, कॅन्सर होतो म्हणाल्या. ही भीती कुठनं आली ते मी नंतर वाचलं. 2002 साली अमेरिकेत एक मोठी ट्रायल मध्येच थांबवली, आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्यात दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या वर्षाला 10,000 बायकांमागं साधारण 8 केस जास्त दिसल्या, आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं 63. मी पन्नाशीच्या अलीकडची. आता जाणकार सांगतात की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं आणि बाकी अडचण नसली तर बहुतेकींना फायदा जास्त. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताच्या गाठी झाल्यात, लिव्हरचा त्रास आहे त्यांचं वेगळं, त्यांनी हे वाचून उड्या मारू नका. माझी मॅमोग्राफी झाली, बीपी बघितलं, सोनोग्राफी झाली, मग दुसऱ्या एका डॉक्टरनी सुरू केलं. इस्ट्रोजेनची गोळी, आणि गर्भाशय जागेवर आहे म्हणून त्याच्या अस्तराला सांभाळायला रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. सोबत हाडांसाठी कॅल्शियम.

तीन आठवड्यात मी रात्रभर झोपले. खरंच सांगते, नवऱ्यानं सकाळी उठवून विचारलं, बरी आहेस ना?

आणि मग दोन महिन्यांनी गाडी परत खड्ड्यात. घाम नाही, पण अंगात शिसं ओतल्यासारखं, पापण्या सुजलेल्या, पोट साफ नाही, आणि एका शाळेच्या ऑर्डरमध्ये 36 साइजचे 140 शर्ट होते ते मी 410 लिहून कटिंगला पाठवले. कापड कापायच्या आधी मास्तरांच्या लक्षात आलं म्हणून वाचले. टीएसएच केला, 9.8. गोळी तीच, 75 ची, एक दिवस चुकवलेली नाही. असं का?

कारण असं आहे. इस्ट्रोजेन तोंडावाटे घेतलं की ते आधी लिव्हरमधनं जातं, आणि लिव्हर थायरॉइडचं हार्मोन वाहून नेणारं एक प्रोटीन जास्त बनवायला लागतं. म्हणजे आमच्या सात रस्ता चौकात प्रवासी तेवढेच, पण रिक्षा दुप्पट आल्या आणि सगळे रिक्षातच बसून राहिले, कामाच्या ठिकाणी उतरायला माणूसच नाही. ज्यांची ग्रंथी धड आहे त्यांची ग्रंथी थोडं जास्त बनवून भागवते. आमची कुठनं भागवणार, आम्हाला जे मिळतं ते गोळीतनं, मोजून. ही गोष्ट 2001 सालीच मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेली आहे. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यात टीएसएच बघायचा, एवढंच करायचं असतं. मला दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही. एकांना माहीत नव्हतं की दुसऱ्यांनी काय सुरू केलंय, आणि दुसऱ्यांनी थायरॉइडचं पान उलटलंच नाही.

बरं, एकटं इस्ट्रोजेनच गुन्हेगार होतं असंही नाही. मी थायरॉइडची गोळी सहाला घेत होते आणि कॅल्शियम आठला नाश्त्यावर, कारण चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं. दोन्हीत चार तासांचं अंतर लागतं, लोहाच्या गोळीचंही तेच, नाहीतर थायरॉइडची गोळी पोटात नीट शोषलीच जात नाही. हे मेडिकलवाल्या पोरानं सांगितलं! बिल करता करता. आता कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. आणि नणंदेनं केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यानं म्हणे थायरॉइडचा रिपोर्टच खोटा येऊ शकतो, टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवायच्या. आपण किती विश्वासानं त्या आकड्यांकडं बघतो ना.

मग मीच एक काम केलं. जुन्या ऑर्डर बुकात डावीकडं औषध, वेळ, तारीख आणि उजवीकडं त्रास असं लिहून काढलं, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स एकमेकांकडं नेल्या आणि सरळ विचारलं, हे दोन्ही एकाच बाईच्या पोटात जातंय, तुम्ही बघितलंय का? पहिले थोडे चिडले. पण मग बोलले एकमेकांशी, फोनवर, दोन मिनिटं. दोनच मिनिटांचं काम होतं ते. थायरॉइडची गोळी आधी 100 केली. नंतर इस्ट्रोजेन गोळीऐवजी जेलमधनं, दंडावर चोळायचं, कातडीतनं थेट रक्तात जातं म्हणून लिव्हरला तो धक्का बसत नाही. महाग पडतं, खरंय. आणि जेलवर आल्यावर थायरॉइडची 100 ची गोळी उलट जास्त होऊ शकते, या वयात जास्त झाली तर हाडं आणि हृदय दोन्हीला वाईट, म्हणून परत टेस्ट. आता परत 75 आहे, टीएसएच 2.1.

हे सगळं परवा जेवणाच्या सुट्टीत मी युनिटमध्ये तावातावानं सांगत होते. प्रेसवर काम करणाऱ्या अक्का, पूर्व भागातल्या, भाकरी मोडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमचे दोन डॉक्टर बोलत नाहीत म्हणून तुम्ही भांडताव. मला तर एक पण नाही. दोन वर्षांपूर्वी चिठ्ठी दिली होती, तीच दाखवून मेडिकलमधनं आणते, 50 ची." मी विचारलं, गोळ्या ठेवता कुठं? त्यांनी बोटानं दाखवलं. इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर, जिथं दिवसभर वाफ लागते आणि मेमध्ये पत्रा तापतो तिथं. बाटलीवर तर स्वच्छ लिहिलेलं असतं, थंड कोरड्या जागी ठेवा. मी उठून बाटली काढली, चष्मा लावून तारीख बघितली. मार्चमध्येच संपलेली.

आज चार वाजता हाफ डे घेऊन आम्ही दोघी लॅबला चाललोय.