हप्त्यावरची गाडी आणि ताम्हिणीचा घाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी हौसेची गाडी कर्ज काढून घेण्याविरुद्ध लिहिलं होतं. त्यावर आलेल्या एका प्रतिक्रियेला चार ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लिहिणारा २६ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, वाकडला मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, हातात ८५ हजार येतात. फोक्सवॅगन व्हर्टसचं दीड लिटर टर्बो इंजिनाचं मॉडेल बुक केलंय. ऑन-रोड (नोंदणी, विमा सगळं धरून) २१ लाख, डाउनपेमेंट ३ लाख, बाकी १८ लाख ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी. त्याचं म्हणणं असं की मी जुन्या पिढीची भीती तरुणांच्या गळ्यात बांधतोय, पैसे साठेपर्यंत गाडीच महाग होते, आणि "चाळिशीत गाडी घेऊन मी काय मुलांना क्लासला सोडू?"

तू मला दादा म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करतो.

आधी माझी चूक. "कर्ज काढून हौस करणं हा मूर्खपणा आहे" हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते मागे घेतो. गाडीचं वेड असलेल्या माणसाला मूर्ख म्हणणं मला तर मुळीच शोभत नाही. तुझ्या प्रतिक्रियेखाली काही जणांनी "चार दारांची सेडान ही कुठली स्पोर्ट्स कार" म्हणून तुझी थट्टा केली, तीही मला आवडली नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी बनायची. रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, ताकद जेमतेम ६० अश्वशक्ती. तिला आम्ही स्पोर्ट्स कारच म्हणायचो. तुझ्या गाडीत १५० आहेत, आणि ती आपल्या चाकणला बनते. तिला स्पोर्ट्स कार म्हणायला माझी काही हरकत नाही.

दुसरं, किमतीबद्दल तू बरोबर आहेस. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसचंच बघ. २०१७ मध्ये एक्स-शोरूम (नोंदणी-विमा न धरता) २४.६२ लाख, २०२० मध्ये ३५.९९ लाख, २०२५ मध्ये ४९.९९ लाख. ज्यानं २०१७ मध्ये "अजून तीन वर्षं साठवू" म्हटलं, त्याच्या हातून ती गेली. फक्त यामागचं कारणही पाहा. २०२० पासून ती पूर्ण तयार होऊन बाहेरून यायला लागली, तीही मोजक्या संख्येनं, आणि आयातशुल्काचा भार तिच्यावर पडला. इथे बनणाऱ्या गाडीचं गणित तसं नसतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, तेव्हा तुझ्या गाडीवरचा कर आधीच्या ४५ टक्क्यांवरून (२८ अधिक १७ उपकर) ४० वर आला. त्या वेळी थांबलेल्यांचा फायदाच झाला. म्हणजे थांबलं की गाडी हातची जातेच, असं नाही.

तुझा एसआयपीचा, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात पैसे टाकण्याचा, मुद्दा मात्र मला पटत नाही. "कर्ज ९ टक्क्यांनी, म्युच्युअल फंड १२ टक्के देतो, मग रोख का द्यायची?" हा हिशेब ज्याच्या खात्यात १८ लाख पडून आहेत त्याचा आहे. तुझ्याकडे ३ आहेत, आणि तेही डाउनपेमेंटला जाणार. मग फंडात वाढणार काय? शिवाय ९ टक्के बँक दर महिन्याला घेतेच, १२ टक्के मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली. त्याच काळात अनेकांचे पगार कापले गेले. बाजार पडायला आणि नोकरी डळमळायला बऱ्याचदा एकच मुहूर्त लागतो.

आता तुझे आकडे. हप्ता येतो सुमारे २८,९६० रुपये. ७ वर्षांत भरशील २४ लाख ३३ हजार, म्हणजे व्याज ६ लाख ३३ हजार. हे तू लिहिलं होतंस आणि "६ लाख हे माझ्या तारुण्याचं भाडं, मी देईन" असंही लिहिलंस. ते वाक्य मी दोनदा वाचलं. व्याज मलाही खरं तर एवढं खुपत नाही. खुपतं ते तू न लिहिलेलं. महिन्याला १,००० किलोमीटर, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला ११-१२ चं ॲव्हरेज, शंभरीपार गेलेलं पेट्रोल: ९ हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी दर महिन्याला ४-५ हजार बाजूला ठेवावेच लागतील. एकूण ४३ हजारांच्या घरात, म्हणजे पगाराचा निम्मा. उरलेल्या निम्म्यात भाडं, घरी पाठवायचे पैसे, जेवणखाण आणि ऐन वेळचा खर्च.

आणि एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. विम्यात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्यानं उतरते. दोन वर्षं पूर्ण झाली की ३० टक्के, तीन झाली की ४० टक्के. तुझ्या गाडीची एक्स-शोरूम किंमत १८ लाख धरली तर दोन वर्षांनंतर आयडीव्ही १२ लाख ६० हजार. त्याच दिवशी बँकेचं येणं १३ लाख ९५ हजार. गाडी चोरीला गेली किंवा पार चक्काचूर झाली तर विम्याचे सगळे पैसे बँकेला जातील, गाडी नसेल, आणि वर सव्वा लाखाहून जास्त तुझ्या खिशातून जाईल. विम्याबरोबर 'रिटर्न टू इन्व्हॉइस' ही जोड घेतलीस, म्हणजे आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत मिळते, तर हे बरंच टळतं. गाडी घेणारच असशील तर ती सोडू नकोस.

पण आकड्यांनी माझंही मन कधी वळलं नव्हतं. माझं काय झालं ते सांगतो.

२०१३. मी २७ चा. पगार ३८ हजार. एक टर्बो हॅचबॅक घेतली, ७ लाखांचं कर्ज, ७ वर्षं, हप्ता १२ हजार. घेतली कशासाठी, तर ताम्हिणीसाठी. पहाटे साडेचारला पौडवरून निघायचं, मुळशीच्या पाण्यावर धुकं असताना घाटात शिरायचं, दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना गाडी रस्त्याला कशी चिकटते ते अनुभवायचं. पहिले दोन महिने दर रविवारी गेलो. मग एकदा दरडीचा दगड चुकवताना पुढचं चाक कठड्याला घासलं. एक अलॉय आणि बंपर. क्लेम केला तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) जाणार, म्हणून स्वतः भरले, आणि त्या महिन्यात हप्त्यासाठी मित्राकडून उसने घेतले.

त्यानंतर मी घाटात गेलो नाही. कुणी अडवलं नव्हतं. शनिवारी रात्री गजर लावायचो आणि पहाटे बंद करायचो. डोक्यात एकच: काही लागलं तर? टायर झिजले तर? वर्षभरानं तर मी ऑफिसलाही बसनं जायला लागलो, कारण पार्किंगमध्ये कुणी ओरखडा काढेल. तीन वर्षांत गाडी १४ हजार किलोमीटर चालली. सोसायटीच्या शेडखाली कव्हर घालून उभी असायची, दर रविवारी पुसायचो. माझी तरुण वर्षं होती, गाडी दारात होती, आणि मी ती चालवत नव्हतो.

२०१६ मध्ये प्रोजेक्ट संपला, नोकरी गेली, चार महिने दुसरी मिळाली नाही. गाडी विकायला काढली. मिळाले ४ लाख ३० हजार, बँकेचं येणं त्याहून जास्त, वर मुदतपूर्व फेडीचा दंड. फरक भरायला बाबांनी एफडी मोडली. ते एक शब्द बोलले नाहीत. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवायला मी एकटा गेलो, आणि परत येताना कोथरूडपर्यंत चालत आलो.

तू म्हणतोस मी जुन्या पिढीची भीती शिकवतो. ही भीती मला माझ्याच कर्जानं शिकवली. तारुण्याचं भाडं द्यायला माझी ना नव्हती. पण भाडं भरत राहिलो आणि घर मात्र बंद.

२०१८ मध्ये मी १ लाख ४० हजार रोख देऊन फियाटची २००३ ची पॅलिओ १.६ घेतली. शंभर अश्वशक्ती, वजनदार हायड्रॉलिक स्टिअरिंग. १५ वर्षं झाली होती, म्हणून आरटीओत फिटनेस तपासणी, हरित कर, नव्यानं नोंदणी, सगळं करून घेतलं. सुट्या भागांसाठी भोसरीपासून कोल्हापुरापर्यंत फोन करावे लागतात. पण पहिल्या वर्षात ती १९ हजार किलोमीटर चालली. ताम्हिणी, वरंधा, आंबोली. आणि एकदा १,२०० किलोमीटर जाऊन कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस. दुपारपर्यंत पुढचे टायर संपले. मला त्या दिवसाइतका आनंद कुठल्याच गाडीनं दिलेला नाही. हप्त्यावरच्या गाडीनं हे करायची माझी छाती झाली नसती, आणि होऊही नये: शर्यत किंवा वेगचाचणीत झालेलं नुकसान आपला नेहमीचा वाहन विमा भरून देत नाही. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर हप्ते चालूच, गाडी नाही.

तुझी परिस्थिती माझ्यापेक्षा बरी आहे, हे मान्य. पगार चांगला आहे, हिशेब तू माझ्याहून स्वच्छ मांडलास. म्हणून "घेऊ नको" म्हणत नाही. तू विचारलंस, "बुकिंग रद्द करू का?" तर माझं मत: रद्द नको, पुढे ढकल. दर महिन्याला २८,९६० वेगळ्या खात्यात टाकायला आजपासून सुरुवात कर, आणि वर पेट्रोल-टायरचे १४ हजारही, जणू गाडी दारात आहे. तीन वर्षांत नुसत्या हप्त्याचे, व्याज न धरता, १० लाख ४२ हजार होतात, तुझे ३ धरून १३ लाख ४२ हजार. तेवढ्यात तीन वर्षं वापरलेली हीच गाडी बघता येईल. आणि २९ म्हणजे चाळिशी नाही.

तीन वर्षं थांबवतच नसेल तर एक वर्ष थांब. सहा महिन्यांनी त्या खात्याला हात लावावा लागला तर उत्तर तुलाच मिळेल. नाही लागला, तर डाउनपेमेंट ७-८ लाखांवर ने आणि मुदत ५ वर्षं धर. सँक्शन लेटरमध्ये, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रात, दर फ्लोटिंग (बदलता) आहे का ते पाहा: व्यक्तीनं घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही, फिक्स्डवर लावू शकते. मला २०१६ मध्ये ते उशिरा कळलं.

ताम्हिणीला अजून गेला नसशील तर पावसाळा संपल्यावर एका रविवारी ये. पॅलिओ तू चालव. ओरखडा पडला तरी चालेल, तिच्यावर आधीच बरेच आहेत.