शेअरनं बुडावं की कर्जरोख्यानं?

मागच्या रविवारी कारंजाजवळच्या एका गावात साक्षगंधाच्या पंगतीत बसलो होतो. भातावर वरण पडलं होतं, तुपाची वाट पाहत होतो. तेवढ्यात समोरच्या ओळीतून आमचे भाऊजी दोनशे माणसांत खणखणीत आवाजात म्हणाले, "यायनंच सांगतलं होतं आमच्या पोट्ट्याले, कर्जरोखे घे म्हणून. बँकेतले मोठे साहेब ना हे!" तूपवाला पोरगा थबकला. नवरीच्या काकानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू पतसंस्था बुडवून पळालेला संचालक तो मीच. तूप आलंच नाही शेवटी.

31 वर्षं सहकारी बँकेत कर्जखातं सांभाळलं, पण एवढी कीर्ती कधी मिळाली नव्हती. म्हणून आता सल्ला रीतसर लेखीच देऊन टाकतो. ज्यांना घरबसल्या कॅनडातल्या एखाद्या डबघाईला आलेल्या गांजाच्या कंपनीत पैसे घालायचे आहेत, आणि 'शेअर घेऊ की कन्व्हर्टिबल (म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारा कर्जरोखा)?' एवढाच प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांनी हा कागद कपाटात सातबाऱ्याखाली जपून ठेवावा.

पैसा मोबदल्याचा असावा. कापसाचा चुकारा चालत नाही, त्यात घामाचा वास असतो आणि माणूस उगाच विचार करतो. समृद्धी महामार्गात गेलेल्या वावराचा मोबदला कसा, एका दिवशी खात्यात पडतो आणि बाप एका दिवसात शेतकऱ्याचा इन्व्हेस्टर होतो. त्यातले 18 लाख कॅनडात ब्रॅम्पटनला पोराला पाठवा. बँकेत कारण विचारतील, 'मुलाला मदत' लिहा. खोटं काहीच नाही, मदत झालीच त्याला. कशात झाली ते पुढे येतं.

कंपनी निवडताना ती आजारी आहे याची नीट खात्री करून घ्या. धडधाकट कंपनी काय, कोणीही शोधेल. त्यासाठी थोडा इतिहास लागतो. 17 ऑक्टोबर 2018 ला कॅनडानं गांजा खुला केला. त्याच्या महिनाभर आधी टिलरे कंपनीचा शेअर 300 डॉलरला शिवून आला, जो जुलैत 17 डॉलरला बाजारात उतरला होता. कोरोना बीअरवाल्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सनं कॅनोपी ग्रोथ या गांजाच्या कंपनीत एका शेअरला 48.60 कॅनेडियन डॉलर मोजून पाच अब्ज ओतले. मग जे व्हायचं ते झालं. आपल्याकडे नाही का, 2015 ला तूर दहा हजारांवर गेली तर पुढच्या हंगामात माणसांनी बांधापर्यंत तूर पेरली, आणि 2017 ला 5,050 चा हमीभावही मिळेना म्हणून नाफेडच्या केंद्रावर पोत्यांवर झोपले! तिकडे तुरीच्या जागी गांजा होता, इतकाच फरक. काचेची शेडं उभी राहिली, माल डोक्यावरून गेला, भाव कोसळला. सरकारचा उत्पादन शुल्क मात्र ग्रॅममागे किमान एक डॉलर, तो काही भावाबरोबर खाली आला नाही.

अरोरा कॅनबिसनं 2020 मध्ये 12 शेअरचा एक केला, 2024 मध्ये पुन्हा 10 चा एक केला. म्हणजे 2019 ला ज्याच्याजवळ 120 शेअर होते, त्याच्या हातात आज एक आहे. एक! आमच्या भाच्यानं ही सगळी कुंडली पाहिली आणि निष्कर्ष काढला, "मामाजी, आता लय स्वस्त झालं."

(इथे एक आठवलं. आमच्याच शिवारात एका गड्यानं तुरीच्या ओळीत गांजाची चार झाडं लावली होती. पोलिसांनी उपटली, मोजली, पंचनामा केला. 1985 च्या कायद्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तो अजून तारखांना जातो. भाऊजींनी त्याच झाडावर 18 लाख लावले तर लग्नपत्रिकेत निमंत्रकांत नाव वर गेलं.)

आता मुख्य विषय. शेअर म्हणजे बटई. पिकलं तर वाटा, नाही पिकलं तर पऱ्हाटी वाटून घ्या. कर्जरोखा म्हणजे ठोका. पाऊस येवो न येवो, ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी द्यायची. आणि कन्व्हर्टिबल म्हणजे असा ठोका, की पीक जोरात आलं तर 'आता माझा ठोका बटईत धरा' म्हणायची मुभा. बुडलं तर ठोका, पिकलं तर बटई! एवढी सोय तर कोणाच्या सासऱ्यानं जावयाला केली नाही. फक्त एक पथ्य पाळा, वावर करणाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे का हे विचारू नका. आणि ही बटईत धरायची मुभा तुमची की त्याची, तेही विचारू नका.

गणित करायचंच असेल तर एवढंच करा आणि विसरून जा. हजार डॉलरचा रोखा आहे. दोन डॉलरच्या भावानं शेअर घ्यायची मुभा आहे, म्हणजे 500 शेअर. बाजारात शेअर 20 सेंटला पडलाय. तुमच्या मुभेची किंमत शंभर डॉलर. कॅनोपीनं 60 कोटी डॉलरचे असे रोखे सव्वाचार टक्क्यांनी विकले होते, रूपांतराचा भाव 48 च्या वर होता. 2023 च्या जुलैत मुदत संपली तेव्हा शेअर एक डॉलरच्याही खाली होता. तेव्हा 'कन्व्हर्टिबल' या शब्दाकडे लग्नाच्या घोड्याच्या झुलीसारखं पाहावं. खाली जे उरतं ते घोडंच असतं, म्हणजे उधारी. ज्याला बँक दारात उभी करत नाही त्याला दिलेली, बहुतेक वेळा विनातारण उधारी.

पण रोखा 100 चा आणि बाजारात 40 ला मिळतो, हे दिसलं की आनंद झालाच पाहिजे. भाच्याला झाला. "साठ टक्के डिस्काउंट मामाजी! आणि शेअर तर वीस सेंटला." दोन्ही स्वस्त, फक्त कोणतं जास्त स्वस्त एवढंच मामानं सांगायचं.

आता इथं जरा थांबतो, कारण इथंच माझं डोकं फिरतं. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग सगळ्यांनी पाहिली आहे. टोकन घेऊन रात्रभर थंडीत उभं राहणं, गाडी पुढं सरकते की नाही ते पाहणं, मधेच कोणाची तरी 'वरून' आलेली गाडी घुसणं, हे काही सांगायला नको. कंपनी बुडते तेव्हा अशीच रांग लागते. सगळ्यात पुढे इमारत-यंत्रं-परवाना तारण घेतलेला सावकार. त्याच्या मागं विनातारण रोखेवाले. आणि पार मागं, रस्त्याच्या वळणापलीकडं, जिथून केंद्राचं फाटकही दिसत नाही तिथं शेअरवाले. रोखा 40 ला मिळतो याचा अर्थ काय, तर रांगेत तुमच्या पुढं उभा असलेला माणूस स्वतःच म्हणतोय की 'भौ, माझे शंभराचे चाळीस आले तरी नशीब.' मग त्याच्या मागच्याला काय मिळणार? खर्रा? त्याच्या मागं उभं राहून तुम्ही वीस सेंटला शेअर घेता, त्याला स्वस्त म्हणता! आणि कंपनी वाचवायची ठरली तरी ती अशीच वाचते, की रोखेवाल्यांना कर्जाच्या बदल्यात ढीगभर नवे शेअर द्यायचे आणि जुन्या शेअरवाल्याचा वाटा ताकातल्या पाण्यासारखा करायचा. म्हणजे पुढच्याचे चाळीस, मागच्याचं ताक. हे कळायला बँकेत 31 वर्षं घालावी लागत नाहीत. ज्या भाऊजींचा कापूस बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला म्हणून परत फिरवला तर ते ग्रेडरशी दोन तास भांडले, मीटर पुन्हा लावायला लावला, दुसऱ्या गंजीतून बोंडं काढून दाखवली, त्याच माणसानं 18 लाखांच्या कागदाचं एक पान उलटून पाहिलं नाही. एक पान! कापसात ओलावा बोटानं ओळखणारा माणूस!

असो. पुढचे सल्ले आटोपते घेतो.

मुदत कधी संपते हे पाहू नये, डोळ्यांना त्रास होतो.

गल्ल्यात किती महिन्यांची रोकड उरली आहे हे विचारणं अशुभ असतं.

टेलिग्रामवर शेअरच्या टिप्स देणाऱ्या सरांची फी मात्र आधी भरावी.

तारणाचा कर्जरोखा मिळाला तरी सुटलो असं समजून पेढे वाटू नका. हेक्सो कंपनीनं 2021 मध्ये 36 कोटी अमेरिकी डॉलरचं तारणासहित कन्व्हर्टिबल कर्ज उचललं. परतफेडीपोटी बाजारभावाच्या खालच्या दरानं शेअर देता येतील अशी त्यात सोय होती. मग शेअर छापले जातात, विकले जातात, भाव पडतो, म्हणून पुढच्या हप्त्याला आणखी जास्त छापावे लागतात. तिकडे अशा कर्जाला 'डेथ स्पायरल' म्हणतात. आपल्याकडे सावकारीत याला नाव नाही, कारण आपला सावकार निदान वावर तरी शिल्लक ठेवून लिहून घेतो. 2022 मध्ये ते कर्ज टिलरेनं ताब्यात घेतलं, 2023 मध्ये कंपनीच घेतली. मग त्याच टिलरेनं शहाणपण केलं म्हणावं तर तिनंच 2021 मध्ये आणखी काही भागीदारांसोबत मेडमेन या अमेरिकी गांजा कंपनीचे साडेसोळा कोटी डॉलरच्या आसपासचे कन्व्हर्टिबल रोखे घेतले होते. 2024 च्या एप्रिलात मेडमेननं कॅनडात दिवाळं काढलं. अमेरिकेत तर आणखी गंमत, केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदाच, म्हणून दिवाळखोरीचं केंद्रीय न्यायालय या कंपन्यांना दारातही घेत नाही. बुडायचीही सोय नाही.

एवढी मोठी माणसं, एवढे वकील, त्यांची ही गत. पण आमचा भाचा टेलिग्रामवर होता.

आता मी नेमकं काय सांगितलं होतं ते. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मी बैल धुवून नुकता आलो होतो. भाच्यानं विचारलं, शेअर की कन्व्हर्टिबल? मी म्हटलं, "दोन्हीतून एकच घ्यायचं असेल तर रांगेत कर्ज देणारा पुढे असतो. पण पहिले पाय, तारण कोणाकडं आहे, मुदत कवा संपते, आणि तोवर त्यांच्याजवळ पैसा पुरते का. आणि खरं विचारशीन तर दोन्ही घेऊ नको." पहिलं वाक्य पोहोचलं. बाकीची दोन, वाटतं, नेटवर्कनं खाल्ली.

वर्षभर व्याज आलं. भाऊजी पानठेल्यावर सांगत, डॉलरमधी येते म्हणून. मग मुदत जवळ आली आणि कंपनीचं पत्र आलं. मुदत दोन वर्षं वाढवा, व्याज रोख न घेता शेअरमध्ये घ्या, रूपांतराचा भाव कमी करतो, आणि गरज पडली तर रोख्याचे शेअर करण्याचा हक्क आम्हाला द्या. दोन तृतीयांश रोखेवाल्यांनी हो म्हटलं की सगळ्यांवर बंधनकारक. भाच्यानं 'हो'वर बोट ठेवलं. का, तर "भाव कमी करून राह्यले, म्हणजे आपल्यालेच जास्त शेअर." चार महिन्यांत कंपनीनं सगळे रोखे शेअर करून टाकले आणि मग दहाचा एक केला. पुढच्या रांगेतला माणूस स्वतःच्या सहीनं वळणापलीकडं जाऊन उभा राहिला. 18 लाखांचे आज दीड लाख येतील, घेणारा मिळाला तर.

भाऊजी, तुम्ही वडीलधारे आहात म्हणून पंगतीत गप्प बसलो. तुमच्या वावरात अजून ते इमूचं शेड उभं आहे, त्यात शेळ्या बांधता. त्याच्या आधी सफेद मुसळी झाली, त्याच्या आधी जट्रोफा. दर वेळी विकणारा दुसरा होता, दर वेळी तुम्ही विचारलं की दोन गुंठे लावू की चार. लावू की नको, हे एकदाही विचारलं नाही. मला विचारलं तेव्हाही तुमचं ठरलं होतं, तुम्हाला फक्त नंतर नाव घ्यायला माणूस हवा होता. बहिणीला न सांगता 18 लाख पाठवले, तिचं त्या वावरात नाव होतं, हे पंगतीत का नाही सांगितलं?

आणि पोट्ट्या, तू. इंजिनिअर आहेस, इंग्रजी वाचता येतं. ते पत्र 64 पानांचं होतं, मी तीन रात्री जागून वाचलं, तेही सगळं संपल्यावर. 31व्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे की रूपांतराचा हक्क कंपनीचा. तुला वाचायला दहा मिनिटं लागली असती. तुझ्या बापाला वाचता येत नाही, तुला येतं, म्हणून त्यानं तुझ्या भरवशावर पाठवले.

काल रात्री तुझा मेसेज आला. दुसरी कंपनी आहे, बारा टक्के व्याज, या वेळी तारण आहे, मामाजी काय वाटते? मला काही वाटत नाही. तारणपत्राची प्रत मागव. मिळाली तर वाच, नाही मिळाली तर गप बस. आणि ते दीड लाख विकून आईच्या खात्यात टाक, मग फोन कर.