खऱ्या प्रसंगात बीप वाजत नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. पहिल्यांदा तो ह्यूस्टनमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर आला. शेवटचा आला थेट सांगलीहून, आतेभावाकडून, आणि खाली त्याचा प्रश्न: "तू तिकडं असतोस, हे खरं हाय का रे?"

मेसेज लांबलचक आहे. त्यातल्या इमोजी झटकल्या की उरतं ते एवढंच. अमेरिकेत हल्लेखोर २१ फुटांच्या आत आला की कायद्यानं त्याच्यावर गोळी झाडता येते. तेवढं अंतर तो दीड सेकंदात कापतो. म्हणून शर्टाखालचं पिस्तूल ज्याला एका सेकंदात काढता येतं तो वाचतो, बाकीचे जातात. त्यासाठी रोज १०० वेळा, महिनाभर, म्हणजे ३,००० वेळा पिस्तूल जोरात काढा आणि तितक्याच जोरात परत ठेवा, की ते 'स्नायूंच्या स्मरणात' बसतं. आणि हे सगळं घरीच करा, रिकाम्या पिस्तुलाला घाबरायचं काय!

मी पिस्तुलांच्या विरोधातला माणूस नाही. टेक्ससमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तरी मी परवाना काढला. गेली सात वर्षं महिन्यातल्या एका शनिवारी आयडीपीएच्या, म्हणजे स्वसंरक्षणाच्या पिस्तूल-नेमबाजीचे सामने घेणाऱ्या संघटनेच्या, सामन्याला जातो. तिथं अंगावर बंडी किंवा सैल शर्ट घालून त्याच्याखालून पिस्तूल काढावं लागतं. शेजारी एक जण टायमर धरून उभा असतो, त्याची बीप वाजली की काढायचं, आणि आपली शोभा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. म्हणजे वेगाचं वेड मलाही आहे. म्हणूनच हा मेसेज वाचून हात शिवशिवले, पिस्तुलासाठी नव्हे, लिहिण्यासाठी.

सुरुवात २१ फुटांपासून करू, कारण त्यात निम्मं खरं आहे आणि निम्मं खरं जास्त बाधतं. हा आकडा डेनिस ट्यूलर यांचा. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांत ते नेमबाजी शिकवत. समोरून सुरी घेऊन माणूस धावत आला तर कितपत जवळ येईपर्यंत थांबायचं, असा प्रश्न एका शिकाऊ पोलिसानं विचारला, म्हणून त्यांनी माणसं पळवून वेळ मोजला. सात यार्ड, म्हणजे २१ फूट, साधारण माणूस दीड सेकंदात कापतो, आणि शिकलेल्या पोलिसाला पिस्तूल काढून दोन नेमके बार टाकायला साधारण तेवढाच वेळ लागतो. १९८३मध्ये त्यांनी यावर एक लेख लिहिला. क्रिकेटची खेळपट्टी डोळ्यांसमोर आणा: २१ फूट म्हणजे तिचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. एवढ्या जवळ आलेला सुरीवाला किती धोक्याचा असतो, हे त्यांना दाखवायचं होतं. ताबडतोब हला, आडोसा धरा, धोका आधी ओळखा, असा त्या लेखाचा रोख. ट्यूलर याला नियम म्हणाले नव्हते. 'नियम' ही पदवी नंतरच्या लोकांनी बहाल केली, आणि आता तर मेसेजवाल्यानं त्याचा कायदाच करून टाकला.

टेक्ससच्या दंडसंहितेचा नववा अध्याय उघडून बघा, त्यात फूटपट्टी कुठंच नाही. समोरचा बेकायदा जीवघेणं बळ वापरतोय किंवा वापरू पाहतोय, आणि ते थोपवायला आपलंही तसंच बळ त्या क्षणी गरजेचं आहे, असं शहाण्या माणसाला वाटेल का, हे तिथं तपासलं जातं. काही गंभीर गुन्हे रोखण्यासाठीही मुभा आहे, पण फुटांत मोजलेली नाही. पार्किंगमध्ये दहा फुटांवर उभा राहून शिव्या देणारा माणूस २१ फुटांच्या आतच असतो. त्याच्यावर पिस्तूल काढलंत तर हातकड्या कुणाला पडतील याचा विचार करा.

आता तो एक सेकंद. इथं मला जास्त बोलायचं आहे.

टायमरवर माझा आकडा १.७ सेकंद आहे: शर्ट वर ओढायचा, पिस्तूल काढायचं आणि सात यार्डांवरच्या लक्ष्यावर एक गोळी लावायची. सुरुवातीला २.६ होता. हा जवळजवळ एक सेकंद मी कुठं वाचवला, ते सांगतो, कारण मेसेजवाल्याला वाटतं तिथं तो मुळीच नव्हता. हात जोरात हलवून फारसं काही मिळालं नाही. पहिल्या वर्षी एका सामन्यात बीप वाजली आणि मी असा काही हात मारला की मुठीत पिस्तुलाबरोबर शर्टाचा बोळाही आला. लोक हसले. मीही हसलो, पण तो बार ५ सेकंदांनी उडाला. तेव्हापासून डाव्या हाताकडे लक्ष दिलं. शर्ट मुठीत धरून थेट छातीपर्यंत ओढायचा, अर्धवट नाही, आणि उजव्या हाताची पकड होल्स्टरमध्येच, म्हणजे पिस्तुलाच्या कमरेच्या म्यानातच, पक्की करायची. पिस्तूल बाहेर आल्यावर पकड सुधारत बसलं की सगळी कमाई गेली. मधला प्रवास, होल्स्टरपासून डोळ्यांसमोरपर्यंत, ज्याच्यासाठी लोक इतका आटापिटा करतात, तो आपोआप होतो. वेळ खाणारी दोन टोकं आहेत: शर्ट-पकड हे एक, आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) लक्ष्यावर दिसल्यावर चाप सरळ मागं घेणं हे दुसरं. घाई केली की चापाला झटका बसतो आणि गोळी खाली डावीकडे जाते. न लागलेली गोळी किती लवकर सुटली याला काही किंमत नाही. इथं तर प्रत्येक चुकलेली गोळी कुठंतरी जाऊन थांबतेच, आणि ती कुठं थांबली याचा जाब झाडणाऱ्याला द्यावा लागतो.

पण त्याहून मोठी गफलत बीपमध्येच आहे. बीप वाजण्याआधी मला सगळं ठाऊक असतं: गोळी झाडायची आहे, कुणावर झाडायची आहे, कधी झाडायची आहे. आवाज ऐकून हात हलायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, बस. निर्णय आधीच झालेला असतो. खऱ्या प्रसंगात बीप कोण वाजवणार? हा माणूस रस्ता विचारायला येतोय की पाकीट मागायला? हातात फोन आहे की आणखी काही? मागे त्या बाकावर कोण बसलंय? पळता येईल का? १९५२मध्ये विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं प्रयोगातून दाखवलं, की पर्याय वाढतील तसा माणसाचा प्रतिसाद रेंगाळतो. तिथं तर नुसते दिवे होते, जिवाची भीती नव्हती. डोक्यात सेकंद-दोन सेकंद जात असतील, तर हातातले ०.३ सेकंद वाचवून किती फरक पडणार? मी म्हणेन थोडा पडतो. पण आडवी उडी मारून मध्ये एक उभी गाडी आली तर त्याच्या कितीतरी पट पडतो, आणि त्याला ३,००० वेळा काहीही करावं लागत नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारातल्या जलद फेरीत हात तिरका खाली धरून उभं राहायचं, आणि इशारा झाला की ३ सेकंदांत हात उचलून एक गोळी लावायची. जगातल्या अव्वल नेमबाजांना ३ सेकंद, आणि तेही इशारा ठरलेला, लक्ष्य ठरलेलं, मागं भिंत. तो खेळ वेगळा आहे, मान्य. तरी 'एक सेकंद नाहीतर मरण' असं लिहिणाऱ्यानं एकदा ती फेरी बघावी.

'३,००० वेळा म्हणजे स्नायूंना आठवण राहते.' स्नायूंना काही आठवत नाही, आठवतं मेंदूला, आणि मेंदू चांगलं-वाईट निवडत नाही. शर्टाच्या बोळ्यासकट ३,००० वेळा पिस्तूल काढलंत तर तो बोळाही इमानानं लक्षात राहील. लहानपणी मिरजेला तबल्याच्या क्लासला जायचो. गुरुजी तबल्यातला 'कायदा', म्हणजे बोलांची ठरलेली रचना, आधी ठाय, म्हणजे संथ, लयीत घासून घ्यायचे, हात स्वच्छ पडला की दुगुन, मग चौगुन. कुणी पहिल्याच दिवशी चौगुनला हात घातला की नुसता खडखडाट. उलट ठाय लयीतच रमला तर चौगुन कधी येणारच नाही, हेही ते सांगायचे. इथल्या लोकांच्या तोंडी 'हळू म्हणजेच वेगवान' अशा अर्थाचं एक वाक्य सारखं असतं, ते या दुसऱ्या कारणासाठी अर्धवट आहे. टायमरला मुदत संपल्याची दुसरी बीप लावता येते. २ सेकंदांवर लावा, त्यात दहापैकी नऊ वेळा पकड नीट बसली की १.९ करा. बिघडलं की परत मागे या. माझा अनुभव असा, की वीस-पंचवीस वेळांनंतर खांदा जड होतो आणि पुढचा सराव म्हणजे चुकांची उजळणी. दहा मिनिटं रोज, एवढं पुरे. आणि कधी हिवाळ्याचं जाकीट घालून, कधी खुर्चीत बसून, कधी गाडीत पट्टा लावून. शंभरही वेळा एकाच टीशर्टमध्ये, आरशासमोर उभं राहून केलं, तर तुम्ही फक्त आरशातल्या माणसापासून सुरक्षित.

जोरात परत ठेवण्याबद्दल काय बोलावं! परत ठेवायला उशीर झाला म्हणून कुणी मेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. घाईत ठेवताना मात्र शर्टाचं टोक किंवा जाकिटाच्या नाडीचं बटण चापाच्या कडीत अडकतं आणि पिस्तूल स्वतःच्याच मांडीत उडतं. पोटाच्या पुढच्या बाजूला होल्स्टर लावणाऱ्यांची नळी तर थेट जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीकडे रोखलेली असते. थांबायचं, आजूबाजूला बघायचं, कपडा बाजूला करायचा, बोट चापापासून लांब, खाली बघत ठेवायचं. आमच्या घाटांतल्या पाट्यांवर 'अति घाई संकटात नेई' लिहिलेलं असतं, तसली एक होल्स्टरवर चिकटवावी.

आणि 'रिकामं' पिस्तूल. मेसेजमधला एक मुद्दा बरोबर आहे: घरी कोरडा, म्हणजे गोळीविना, सराव करावाच लागतो, कारण बऱ्याच बंदिस्त रेंजवर होल्स्टरमधून पिस्तूल काढूच देत नाहीत. पण त्यामुळेच इथं जास्त सांभाळायला हवं. २०२४च्या १ ऑक्टोबरला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. हल्ला नव्हता, सराव नव्हता, प्रवासाला निघण्याआधीची आवराआवर होती. माझाही एक प्रसंग सांगतो. सराव संपवला, मॅगझिन (गोळ्यांचा खण) भरून पिस्तूल कमरेला लावलं, तेवढ्यात फोन आला. फोन झाल्यावर हात आपसूक 'आणखी एकदा' म्हणून शर्टाकडे गेला. पिस्तूल भिंतीवर रोखलं गेलं, आणि बोट चापावर जायच्या आत वजन हाताला जड लागलं. भिंतीपलीकडे मुलगी अभ्यास करत होती. त्या दिवसापासून काडतुसं दुसऱ्या खोलीत, दार बंद. चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानं तपासायचं. लक्ष्य पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटाकडे. संपलं की 'संपलं' असं मोठ्यानं म्हणायचं. बायको अजून हसते, हसू दे.

मेसेजमध्ये नसलेली पण आमच्या ग्रुपला सगळ्यात जास्त लागू असलेली एक गोष्ट राहिली. ग्रुपवरचे निम्मे लोक नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आहेत, काही विद्यार्थी एफ-वनवर, कित्येकींचा नवऱ्यामुळे मिळालेला एच-फोर. या सगळ्यांना इथला फेडरल कायदा बंदूक आणि काडतूसही बाळगू देत नाही. राज्यानं परवान्याची अट काढली तरी ही बंदी तशीच राहते. अपवाद मोजके आहेत, त्यातला ओळखीचा म्हणजे एखाद्या राज्याचं शिकारीचं लायसन्स जवळ असणं. बंदी मोडली तर १५ वर्षांपर्यंत कैद, आणि व्हिसाचं काय होईल ते वेगळंच. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. 'भावांनो, आजच घ्या आणि सराव सुरू करा' असं ज्यानं लिहिलंय, त्यानं हे एक वाक्य वाढवलं असतं तर बाकीच्या चुका मी एक वेळ पोटात घातल्या असत्या.

हे सगळं आतेभावाला फोनवर सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू किती सेकंदात काढतोस?"

"एक पूर्णांक सात. पण सात वर्षांत सामना आणि सराव सोडून एकदाही काढलं नाही."

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मग पैसे वायाच गेले की रे."